मधातून पाहून घेतलेले बीजगणित

आमच्या घरात बीजगणिताचे पुस्तक कापूस पाहतात तसे पाहून घेतले गेले. निवडीत माझाही हात होता. ही दोन्ही विधाने मी आजही मागे घेत नाही, कारण साक्षीदार फार आहेत.

धाकटी बहीण वेणू तेव्हा पंधरा वर्षांची. बडनेऱ्याजवळच्या आमच्या गावात मुलींना चौथीपुढे शाळा नव्हती. पुढचे सारे ती घरीच शिकली. आता तिला बाहेरून मॅट्रिकला बसायचे होते, आणि त्यासाठी अकोल्याच्या एका हेडमास्तरांनी तिची चाचणी घेऊन अर्जावर सही करणे आवश्यक होते. मुलींना गणिताऐवजी शिवण-स्वयंपाक घेण्याची मुभा होती. वेणूने ती नाकारली.

"शिवण तं मले येतेच," ती म्हणाली. "येते थेच कायले शिकू?"

बीजगणित ही काय वस्तू आहे, ते बाबांना समजावण्याचे काम माझ्याकडे आले. आकड्यांच्या जागी अक्षरे मांडतात, असे मी सांगितले.

"कावून? आकडे सरले काय गा?"

मी अमरावतीच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. अचूकपणाबद्दल माझा लौकिक होता (तो मीच पसरवला होता). तरी या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

शेवटी बाबांनी निकाल दिला. "एक डाव पाहू. हेडमास्तरानं सही केली तं शिकन पुढं. नाई केली, तं पुस्तकं माळ्यावर. मंग रडाचं नाई!"

वेणू रडणाऱ्यांपैकी नव्हती. तिने फक्त माझ्याकडे पाहिले. "दादा, पुस्तक तेवढं चांगलं आणजो."

पुढच्याच आठवड्यात बाबा आणि मी पॅसेंजरने अकोल्याला गेलो. येथे एक खुलासा करणे भाग आहे. आमच्याकडे कापसाच्या गाडीवर वरचा थर नेहमी पांढराशुभ्र असतो. तो तसा रचलेला असतो. म्हणून खरा पारखी वर बघतही नाही. तो कोपरापर्यंत हात घालतो आणि मधला कापूस बाहेर ओढतो. याला आमच्याकडे 'मधातून पाहणे' म्हणतात. बाबा या कामात नामांकित होते. उभ्या आयुष्यात ते दोनदा फसले होते. (त्यांनी किती जणांना फसवले, तो आकडा आईला ठाऊक होता.)

मुलीसाठी बीजगणित हवे म्हणताच पुस्तकवाल्याने दोन पुस्तके पुढे ठेवली, एक जाड आणि एक पातळ. मी जाड पुस्तकाचे पहिले पान उघडणार, तोच बाबांनी माझा हात धरला.

"वरचं पाहू नोको! वरचा थर सारेच चांगला लावते. मधातून पाह्य."

मी मधातून पाहिले. जाड पुस्तकात नुसते प्रश्न होते. पानामागून पान प्रश्न, आणि एकही सोडवलेला नाही! पातळ पुस्तकात मात्र सगळे कसे पूर्ण. प्रत्येक उदाहरणाला उत्तर, उत्तराखाली नीट रेघ.

"त्या जाड्यात निरी सरकी हाय," बाबा म्हणाले. "हा माल साफ हाय. हाच घे."

"अहो, ते नका घेऊ," पुस्तकवाला म्हणाला. "ते तुमच्या उपयोगाचं नाही."

बाबांनी मला कोपर मारले. "आयकलं? चांगला माल मांगं ठिवून राहिला!"

"मालक, मुलीसाठी हे दुसरं..."

"आमी मधातून पाहिलं, भाऊ!"

पुस्तकवाल्याने मदतीसाठी माझ्याकडे पाहिले. त्यातल्या त्यात मी शिकलेला दिसत होतो. मी त्याला शांतपणे म्हणालो, "मी वर्तमानपत्रात असतो." त्यानंतर त्याने पुस्तक बांधून दिले.

पुढच्या रविवारी मी घरी गेलो, तर वेणू ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली.

"दादा, याच्यात प्रश्नच नाईत."

"नीट पाहा."

"पाहिलं. मोहरपासून मांगपर्यंत निरी उत्तरंच हायेत."

मी पुस्तक घेतले आणि पहिल्यांदाच पहिले पान उघडले. ठसठशीत अक्षरांत छापले होते: 'भाग दुसरा. उत्तरे. केवळ शिक्षकांसाठी.'

भाग पहिला म्हणजे ते जाड पुस्तक! सरकीचे!

या ठिकाणी सभ्य माणसाने चूक कबूल केली असती. पण चुकीची दुरुस्ती शेवटच्या पानावर, बारीक टायपात द्यावी, असे आमच्या धंद्यात शिकवतात, आणि घराला शेवटचे पान नसते. गुपचूप अकोल्याला जाऊन जाड पुस्तक आणता आले असते. पण तिथे तो पुस्तकवाला होता.

"ही नवी पद्धत आहे," मी म्हणालो. "यात उत्तर दिलेलं असतं. प्रश्न विद्यार्थ्याने करायचा."

वेणूने पुस्तक मिटून ओट्यावर ठेवले. "असं?"

"असं," मी म्हणालो. ती पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात मी पहिले पान फाडून खिशात घातले. (कोर्टाच्या बातम्या मीच लिहीत असल्यामुळे पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे, हे मला माहीत होते.)

त्यानंतर आमच्या घरात कोणी सुरक्षित राहिले नाही. पुस्तकात 'क्ष बरोबर सात' असे दिसले, की वेणू घरभर सातच्या शोधात हिंडे. एका रविवारी मी जेवत असताना तिने मोठ्याने वाचले, "दादा एका रविवारी क्ष भाकरी खातो. तीन रविवारच्या भाकरी, अन् पंगतीतल्या चार, मिळून पंचवीस होतात. तं क्ष किती?"

"सात!" आई चुलीपासून म्हणाली. आईला अक्षरओळख नव्हती; भाकरी मात्र तीच थापत होती.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघे अकोल्याला गेलो. हेडमास्तर पुण्याकडचे, बोलणे तोलूनमापून. वेणूला आत बसवले, बाबा आणि मी व्हरांड्यात. बाबा निवांत होते, त्यांनी माल पाहून घेतला होता. मी मात्र सही मिळाली नाही तर वेणूला काय सांगायचे याचा मजकूर मनात तयार करत होतो. तीनही मसुदे खोटे निघाले.

वेळ संपण्याच्या बऱ्याच आधी हेडमास्तर उत्तरपत्रिका घेऊन दारात आले.

"भाकरी खाणारे दादा कोण?"

मी उभा राहिलो.

"सातही उदाहरणं बरोबर आहेत. पण प्रत्येकाच्या खाली हिने एक नवा प्रश्न लिहिला आहे. हे काय आहे?"

"सवय हाय जी," वेणू मागून म्हणाली. "उत्तर आलं का खाली प्रश्न लिव्हतो मी. नवी पद्धत हाय. दादानंच आणलं हे पुस्तक." आणि तिने पिशवीतून पुस्तक काढून दिले.

हेडमास्तरांनी चार पाने चाळली. "ही तर शिक्षकांची उत्तरं आहेत! तसं पहिल्याच पानावर छापलेलं असतं. मुली, तू ही पाठ केलीस की काय?"

बाबा मध्येच म्हणाले, "मधातून पाहिलं होतं जी."

"अकरा," हेडमास्तर एकदम वेणूला म्हणाले. "उत्तर अकरा. कर प्रश्न."

वेणूने क्षणभर विचार केला. "समजा, गुरुजींनी दादाले क्ष प्रश्न विचारले. मंग तितकेच आखीन विचारले, अन् वरून दोन. मिळून चोवीस झाले. तं पयले किती विचारले?"

हेडमास्तरांनी बोटावर मोजल्यासारखे केले. "बरोबर. आणि दादांनी उत्तरं किती दिली?"

"शून्य."

ते हसले (मला वाटते, बऱ्याच वर्षांनी) आणि सहीसाठी अर्ज मागितला. वेणूने तो तिथेच बाकावर बसून भरला. त्यात एक रकाना होता: 'घरी शिकविणाऱ्याचे नाव व पात्रता'. तिने माझे नाव लिहिले. पुढे पात्रता लिहिली: 'लिहिता-वाचता येते'.

हेडमास्तरांनी अर्ज शांतपणे वाचला, सही केली, आणि मग लाल शाईने 'वाचता' हा शब्द खोडला.