देतो तो ॲसिड

बायकोला माझ्या पगारापासून पाठदुखीपर्यंत सगळं ठाऊक आहे. हे एक नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वामन आणि मी भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. तो दिघोरीचा, मी मोहाडीचा, खोली एकच. मी पहाटे उठून घोकायचो, तो अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचा — आणि यायचं त्याला! सरांनी त्याची पाठ थोपटली की माझ्या पोटात दुखायचं. नागपूरला एम.एस्सी.ची जागा मिळाली तर आमच्यातल्या एकालाच मिळणार होती. ती कुणाची, हे काय मला कळत नव्हतं?

घरी धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, निघाला म्हणून वामन गावी गेला. नेमकं तेव्हाच सरांनी लुईस ॲसिड शिकवलं. ॲसिडमध्ये हायड्रोजन असायलाच हवा असं नाही. इलेक्ट्रॉनची जोडी घेतो तो ॲसिड, देतो तो बेस. इतकं सोपं. चुरण्याहून परतलेल्याला बुडालेलं शिकवायचं, ही आम्हा पोरांची रीतच होती. केसांतला भुसासुद्धा न झटकता वामन समोर येऊन बसला.

"सरनं काय सांगतलं गा? मले नीट समजव."

समजावलं. नीटच समजावलं. फक्त — कसं सांगू? — उलटं. देतो तो ॲसिड, म्हटलं. लायब्ररीतलं एकुलतं पुस्तक माझ्या ट्रंकेत होतं. ते काढलंच नाही.

अमोनियाकडे द्यायला जोडी असते, हे त्याला आधीच माहीत होतं. "मंग अमोनिया ॲसिड झाला नं?" त्यानं लगेच विचारलं.

"शाबास," मी म्हटलं.

घाईत चुकलो? नाही हो. मला पक्कं ठाऊक होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. वामननं अमोनियाला ॲसिड ठरवलं, बोरॉन ट्रायफ्लोराइडला बेस, आणि वर ठासून कारणंही दिली. परीक्षक हसले. आमचे सर खाली बघत राहिले. पुढे त्याचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला. नागपूरला मी गेलो, तो दिघोरीला शेतीत राहिला.

त्या दिवशी बाहेर आल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तं बराबरच सांगतलं होतं गा. मीच उलटं समजलो."

"होते असं कधी कधी," मी म्हणालो.

मग त्यानंच मला चहा पाजला. आणि तो चहा मला गोड लागला.