टकवेलने न मोडलेल्या कडा

चाळीस वर्षांत मॉरिस टकवेलच्या हातून एकही धारदार कड वर्कशॉपबाहेर गेली नव्हती. अ‍ॅबिंग्डनजवळच्या त्या प्रयोगशाळेत तो फिटर. काहीही बनवलं की शेवटी कानस घेऊन कडा मोडायच्या, म्हणजे घासून बोथट करायच्या, कुणाचा हात कापायला नको. माणूस मुलखाचा हट्टी, पण कामाला खोट नाही.

त्या आठवड्यात डॉ. ऑलवेन प्रिचर्ड अगदी रडकुंडीला आली होती. यंत्राच्या पोलादी, बांगडीसारख्या पोकळीत, भिंतीला टेकू न देता, चुंबकांनी अधांतरी धरलेला तप्त वायू. त्यात लाल लेसर सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांवरून उडालेला उजेड पकडायचा. त्याचा रंग जितका फाकेल तितके ते तापलेले. पण मेलं यंत्र रिकामं असतानाही उजेड येतच होता. शुक्रवारी तिची मुदत संपली की यंत्र दुसऱ्यांचं, आणि तिची तीन वर्षं पाण्यात.

बुधवारी चहाच्या वेळी ती वर्कशॉपात आली. "मॉरिस, लेसरच्या नळीतल्या, भरकटलेला उजेड अडवायच्या चकत्या तुम्हीच केल्यात ना? भोकांच्या कडा ब्लेडसारख्या हव्या होत्या."

"होत्या की. मी मोडल्या." त्याने बिस्कीट चहात बुडवलं. "बोटं कापतात, डॉक्टरीणबाई."

"ड्रॉइंगवर लिहिलं होतं."

"ड्रॉइंगवर काय, तुम्ही लोक वाट्टेल ते लिहिता."

ती चिडली नाही. तिने एक चकती टॉर्चपुढे धरली. गोल केलेली कड लखलखत होती. "एवढ्या लेसरमधून माझ्या वाट्याला चिमूटभर उजेड येतो, मॉरिस. तो या लखलखाटात बुडतो."

मॉरिसचा चेहरा खर्रकन उतरला. चहा तसाच टाकून तो उठला आणि दोन दिवसांत चौदाही चकत्या नव्याने कातल्या. हात आपसूक कानशीकडे जाई, तो मागे घेई. शुक्रवारी दुपारी त्याच्या सहा बोटांना पट्ट्या होत्या.

नव्या चकत्या बसवून आधी रिकाम्या यंत्रात लेसर सोडला. काहीच दिसलं नाही, नुसता मिट्ट काळोख. मग वायू भरून सोडला. ऑलवेनने आकडा काढला, पुन्हा ताडून पाहिला, आणि हळूच म्हणाली, "एक कोटी दहा लाख अंश."

मॉरिस पट्ट्या बांधलेल्या हातांनी दारातच उभा होता.

"सूर्याच्या पोटात असतं त्याच्या जवळपास," ती मॉरिसला म्हणाली.

"कुठं?"

"इथंच. त्या पोलादी पत्र्यापलीकडे."

यंत्र बंद झाल्यावर ती त्याला आत यंत्राजवळ घेऊन गेली. त्याने एका बोटाची पट्टी सोडली आणि उघडं बोट पोलादाला लावलं. कोमट होतं. पलीकडे सूर्याचं पोट, आणि इकडे नुसतं कोमट.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, आणि त्याने सगळा तळहात पोलादावर टेकवला.