खाडीकडे गेलेला ड्रोन

माझा नवरा आखातात नोकरीला. गेल्या खेपेला रजेवर रोह्याला आला तो ड्रोन घेऊनच. आल्या दिवसापासून त्याला घरात चैन नव्हतं. जेवता जेवता उठायचा, गच्चीवर जायचा, पुन्हा खाली यायचा.

पहिल्यांदा गच्चीवरूनच उडवला. ड्रोन वर गेला, गोल गोल भरकटला आणि पाण्याच्या टाकीवर आपटला. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांमुळे त्याचं होकायंत्र चुकलं, हे नंतर मोबाइलवर शोधल्यावर कळलं. पाती बदलली. दुसऱ्यांदा तो एका इमारतीमागे गेला, सिग्नल तुटला, तेव्हा ड्रोन आपला आपणच घरी निघाला. परतीची उंची कमी ठेवलेली, त्यामुळे वाटेतल्या आंब्यात अडकला.

"आता पुरे," मी म्हटलं.

"मोकळी जागा पायजे, बस."

म्हणून मुलीला घेऊन आम्ही पेणजवळ माझ्या माहेरी गेलो. अब्बांची शेती खाडीलगत, भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आत.

"वारा हाय आज. नका उडवू," अब्बा म्हणाले.

"लांब नाय नेत."

वारा पाठीशी होता. ड्रोन बघता बघता खाडीवर गेला. बॅटरी निम्मी झाली तेव्हा नवऱ्याने त्याला वळवलं, पण आता वारा समोरून. ड्रोन जागच्या जागी थरथरत असल्यासारखा दिसत होता.

"थोडा खाली घ्या, खाली वारा कमी असेल," मी म्हटलं. त्याचं लक्षच नव्हतं. रिमोट धरून बांधावर येरझाऱ्या चालल्या होत्या. अखेर बॅटरी संपत आली आणि ड्रोन बांधापलीकडच्या चिखलात आपोआप उतरला.

भरती चढत होती. मी सलवार वर खोचली आणि उतरले. गुडघाभर चिखलातून तो घेऊन आले, पण खारं पाणी आत गेलेलं. तो पुन्हा चालू झाला नाही.

मेमरी कार्ड मात्र वाचलं. संध्याकाळी अब्बांच्या ओटीवर आम्ही दोघांनी चित्रण पाहिलं. बांध हळूहळू जवळ येत होता. त्यावर मी डोळ्यांवर हात धरून उभी, आणि तो इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"मी एवढा फिरत होतो?"

"आलायत तेव्हापासून."

त्याने चित्रण थांबवलं. मग म्हणाला, "तिकडं शिफ्ट असते. इथं काय करायचं तेच समजत नाय गो. तुमचं सगळं माझ्याशिवाय चालू असतं."

ते खरंच होतं. मी म्हटलं, "घरी गेल्यावर मुलीला शाळेत तुम्ही सोडत जा. आणायलाही तुम्हीच जा."

रोह्याला परतल्यावर तिला आणायला तो पहिल्याच दिवशी तासभर आधी निघाला. मी अडवलं नाही.