निवेस आणि तीन शहरांच्या पायऱ्या

निवेस कासाडिओ तीन वर्षं माझ्या वर्गात बसत होती, पण ती मला खरी दिसली बोलोन्याच्या उंच मनोऱ्यावर. चौथीची सहल होती. खाली पाटीवर लिहिलं होतं, चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या. वर पोचल्यावर बाकीची मुलं कठड्याशी धावली आणि निवेस माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बाई, एक पायरी कमी आहे." मी म्हटलं, उतरताना पुन्हा मोज. सगळा वर्ग खाली तिची वाट बघत उभा राहिला. ती सगळ्यात शेवटी आली. पाटी बरोबर आहे, चढताना मीच चुकले, असं तिने सांगितलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. चेहऱ्यावर ना लाज, ना राग.

पदवी मिळायच्या आधी त्या मनोऱ्यावर चढणाऱ्याला पदवी मिळत नाही, असं बोलोन्याचे विद्यार्थी मानतात. जे मानत नाहीत तेही चढत नाहीत. नऊ वर्षांच्या पोरांच्या बाबतीत हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आलं ते पंधरा वर्षांनी, निवेसच्या आईच्या, लोरेत्ताच्या, डोक्यात. लोरेत्ताची आमच्या फाएंझात स्टेशनच्या रस्त्यावर पियादिनाची टपरी आहे. तव्यावरची पातळ भाकरी, आत हॅम आणि मऊ चीज. मी निवृत्त झाल्यापासून दुपारी तिथेच जेवते. निवेस तेव्हा बोलोन्यात इंजिनिअरिंग शिकत होती. सत्तावीस परीक्षा पास, एकच उरलेली, इमारतींच्या बांधणीची. त्या एकीत ती पाच वेळा नापास झाली होती. लोरेत्ताने आधी सरांना दोष दिला, मग नशिबाला, आणि शेवटी तिला ती सहल आठवली. पदवीदान झालं की आमच्याकडे तमालपत्राच्या पानांचा मुकुट घालतात. तो आधीच घरात आल्यासारखं होऊ नये म्हणून तिने घेवड्याच्या रश्श्यात तमालपत्र टाकणंही बंद केलं होतं.

"बाई, तुमच्यावर राग नाही माझा," भाकरी उलटत ती म्हणाली. "पण नेलंत तुम्हीच तिला वर."

निवेस मागे कांदे चिरत होती. गुरुवारी सहावी खेप होती आणि आईने स्पष्ट सांगून टाकलं होतं की ही शेवटची; नाही झाली तर ॲप्रन बांधून कायमचं तव्यापाशी. निवेसने सुरी खाली ठेवली.

"आई, मनोऱ्याने मला नापास केलं असेल, तर आधीच्या सत्तावीस कुणी पास केल्या?"

"तोंड वर करून बोलू नकोस."

"बोलत नाही. चढते. उद्या बोलोन्याचा मनोरा, मग फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चचा घुमट, मग पिसाचा मनोरा. तिन्ही गावांतली पोरं ज्याला भितात, ते सगळं एका दिवसात. मग गुरुवारी बघू कोण नापास करतं ते. बाई, येताय?"

मी हो म्हणाले. लोरेत्ता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही निघालो. बोलोन्यात मी पहिल्या कठड्यापर्यंत चढले. मला कुठे पदवी घ्यायची होती. पुढे गुडघे नाही म्हणाले. निवेस वरून आली आणि म्हणाली, "चारशे अठ्ठ्याण्णव." फ्लॉरेन्सला मी घुमटाखालच्या बाकावर बसून तिची वही सांभाळली. गाडीत ती सारखी गणितं सोडवत होती. एक तुळई, दोन खांब, मधे भार. पान संपलं की पुसायची आणि पुन्हा तीच तुळई काढायची. प्रातो स्टेशनच्या आसपास मी विचारलं, एवढा आटापिटा कशासाठी, घरी बसून अभ्यास केला असता तर? ती म्हणाली, घरी आई माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशी बघते. ती नजर घेऊन परीक्षेला नाही जायचं मला.

पिसात रांगेशी एक दाढीवाला विद्यार्थी नकाशे विकत होता. निवेसच्या हातातली वही बघून तो हसला.

"अगं ए, शिकतेयस ना अजून? चढलीस तर जन्मभर शिकत राहशील."

"तू चढलायस?"

"वेडा आहे का मी?"

"कितवं वर्ष तुझं?"

त्याने नकाशांची चवड सारखी केली. "आठवं."

रांगेतले सगळे हसले, तोही हसला. त्याने तिला एक नकाशा फुकट दिला आणि ती तिरक्या दारातून आत गेली.

गुरुवारी ती नापास झाली. सहाव्यांदा.

लोरेत्ताने धुतलेला ॲप्रन काउंटरवर ठेवला. मी त्या दुपारी मुद्दामच गेले होते, कारण तिला पुन्हा मनोऱ्यावर नेणारी मीच ठरले होते. निवेसने ॲप्रन बांधला, पीठ मळलं, गिऱ्हाइकं सांभाळली. गर्दी ओसरल्यावर पिठाच्या पोत्यामागून वही काढून तिने माझ्यासमोर उघडली.

"हे बघा बाई. भाराची दिशा उलटी धरली मी. सर म्हणाले, बाकी सगळं बरोबर होतं. मनोऱ्याचा काही संबंध नाही, चूक माझी आहे." मग आईकडे वळून म्हणाली, "ॲप्रन बांधते मी. पण सप्टेंबरला जाणार. सातव्यांदा. तू मला तव्यापाशी ठेव, पण मनोऱ्यामुळे ठेवलं असं म्हणायचं नाही."

लोरेत्ताने तवा पुसला. मग म्हणाली, सकाळचं पीठ मळून जायचं.

सप्टेंबरात निवेस पीठ मळून गेली आणि काठावर पास होऊन आली. पदवीच्या दिवशी मुकुटाचं तमालपत्र लोरेत्ताने स्वतः तोडलं. मी मनोऱ्यावर नेलं म्हणून पोरगी पास झाली की मी नेऊनही पास झाली, हे तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

निवेस आता रावेन्नात राहते, जिल्ह्यातले पूल तपासते, आणि रविवारी टपरीवर येऊन आईला कांदे चिरून देते.