तांबड्या कोर्टावरची जोडी

टेनिस कोर्टावरून घरी आलं की बुटातून चिमूटभर तांबडी माती निघतेच. कितीही झटका, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते. किश्श्यांचंही तसंच आहे. सोलापूरच्या आमच्या क्लबात मी बरीच वर्षं अंपायरच्या उंच खुर्चीवर बसलो. खेळ शिकलो पुस्तकं वाचून, त्यामुळे खेळण्यापेक्षा बघण्यातच जास्त रमलो. सत्तरच्या दशकात एका वर्षी क्लबाने पहिल्यांदाच बक्षिसं लावून ओपन स्पर्धा भरवली. खेळावरच पोट असलेले खेळाडू बाहेरगावांहून आले. गर्दी सगळी पुरुषांच्या मॅचेसना! मला मात्र आठवत राहते ती बायकांची डबल्स.

* * *

त्यात आमच्या गावची एकच जोडी होती. एक कुंदाबाई. शाळेत पीटी शिकवायच्या, चाळिशी ओलांडलेली, आणि आवाज असा की रस्त्याने जाणाऱ्यानेही ‘सावधान’मध्ये उभं राहावं! दुसरी महानंदा, नवी पेठेतल्या एका कापड दुकानदारांची धाकटी सून. माहेरी विजापूरला खेळ शिकलेली. पांढरी सलवार, कमरेला गच्च बांधलेली ओढणी, डाव्या हातात हिरव्या बांगड्या.

डबल्समध्ये चेंडू दोघींच्या मधोमध आला की एकीने ओरडायचं असतं, ‘सोड!’ कुंदाबाई ओरडायच्याच. महानंदाला ते जमेना. वयाने एवढ्या मोठ्या बाईंना ‘सोड’ कसं म्हणायचं? ती म्हणायची, “बाई, तुम्ही सोडता का, मी घेते.” तोवर चेंडू मागच्या जाळीत!

“अगं, तुझं बोलणं संपेपर्यंत चेंडू थांबतोय का?” कुंदाबाई करवादायच्या.

शेवटी महानंदानेच तोड काढली. चेंडू आपण घ्यायचा असला की ती डावा हात झटकायची. बांगड्या वाजल्या की कुंदाबाई बाजूला! पहिल्याच मॅचला समोरच्या जोडीने माझ्याकडे तक्रार केली, “अंपायर, हा आवाज कसा चालतो?”

“नियमांच्या पुस्तकात बांगड्यांबद्दल काही नाही,” मी म्हणालो.

पलीकडून कुंदाबाई म्हणाल्या, “लिहिणाऱ्याने कधी घातल्या नसतील!”

* * *

महानंदाचे बूट कधी घरी जात नसत. त्यामागे तिच्या सासूबाई होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. अक्कांची फरशी अशी की तिच्यात तोंड बघावं. लग्नानंतर महानंदा पहिल्यांदा खेळून घरी गेली, तेव्हा दारापासून पूजेच्या खोलीपर्यंत तांबडी पावलं उमटली. अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. फडकं घेऊन स्वतः पुसत बसल्या. ते बोलण्याहून वाईट!

तेव्हापासून बूट क्लबात, कोर्टाची देखभाल करणाऱ्या यल्लप्पाच्या खोलीत. महानंदा चपला घालून यायची, चपला घालून जायची. पण मोजे घरीच धुवावे लागत. एकदा अक्कांनी मोरीतलं पाणी बघितलं आणि म्हणाल्या, “बूट लपीवलीस. मातीला कुटं लपीवतीस?”

त्याच दिवशी निकाल लागला. ही स्पर्धा खेळायची आणि मग खेळ बंद. सासरे अण्णा मधे पडले, पण तेही अर्धेच. “एकदा बघून तर येतो,” म्हणाले.

* * *

अण्णा सेमीफायनलला आले. धोतर, काळी टोपी, हातात मिटलेली छत्री. जोडी जिंकली तरी टाळी वाजवली नाही. मॅच संपल्यावर माझ्या खुर्चीपाशी आले.

“साहेब, चेंडू आत पडला का बाहेर, तुमाला तितनं दिसतंय व्हय?”

मी सांगितलं, “नेहमी नाही. पण मातीवर चेंडूची खूण उमटते. ज्या बाजूला पडला त्यांनी खूण बघायची, आत की बाहेर ते सांगायचं आणि पायाने पुसून टाकायची. पुसल्यावर कुणी विचारत नाही.”

“आन् खोटं सांगितलं तर?”

“पुसल्यावर विचारत नाहीत, अण्णा.”

अण्णांनी मिटलेली छत्री कापड मोजायच्या गजासारखी आडवी धरली. “म्हंजे कापडबी आपल्याकडं आन् गजबी आपल्याच हातात,” म्हणाले. “लई अवघड खेळ हाय की!”

* * *

फायनलला समोर पुण्याच्या दोघी बहिणी होत्या, मुरलेल्या. तरी आमची जोडी मॅच पॉइंटपर्यंत पोचली. धाकट्या बहिणीने महानंदाच्या बाजूला खोल चेंडू मारला. महानंदा धावली, पण पोचली नाही.

“बाहेर!” कुंदाबाईंचा आवाज घुमला. माझ्या खुर्चीतूनही तो बाहेरच वाटला. टाळ्या सुरू झाल्या. पुण्याच्या बहिणी हात मिळवायला जाळीकडे निघाल्या. मी निकाल सांगायला तोंड उघडलं.

महानंदा मात्र मागच्या रेषेपाशी वाकून उभी होती.

“पूस की गं ते!” कुंदाबाई म्हणाल्या.

तिने पुसलं नाही. रॅकेटच्या टोकाने खुणेभोवती गोल काढला आणि पुण्याच्या थोरलीला हाक मारली. “ताई, या बघायला. रेषेला लागलाय.”

मी खाली उतरून बघितलं. खुणेची कड रेषेला जेमतेम टेकली होती. टेकली होती हे खरं. मी पॉइंट पुण्याच्या बहिणींना दिला. पुढे तो सेट गेला, मग मॅचही गेली. 

कुंदाबाई बाकावर टॉवेलात तोंड खुपसून बसल्या होत्या. महानंदा शेजारी जाऊन बसली. टॉवेलातून आवाज आला, “निदान बांगड्या तरी वाजवायच्यास! मी गप्प बसले असते.”

* * *

संध्याकाळी माणसं पांगली. यल्लप्पा पाण्याचा पाइप घेऊन कोर्ट भिजवायला लागला. रोज भिजवून रोलर फिरवला की दिवसभराच्या सगळ्या खुणा जातात. मी जाळी सैल करत होतो. बघतो तर अण्णा अजून तिथेच. चपला बाहेर काढून, अनवाणी, मागच्या रेषेपाशी. छत्री उघडून त्या गोलावर धरलेली!

“अण्णा, सरका की. भिजशीला,” यल्लप्पा म्हणाला.

“एवढं सोडून मार की पाणी.”

“सकाळी रोलर फिरवायचा हाय.”

“सकाळी फिरीव. मी येऊन गेल्यावर.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच क्लबाच्या फाटकाशी टांगा थांबला. अण्णा उतरले, महानंदा उतरली, आणि पदर सावरत अक्काही उतरल्या. अण्णांनी त्यांना रेषेपाशी नेलं आणि गोलातली खूण छत्रीच्या टोकाने दाखवली.

अक्का वाकल्या.

“एवढंच?”

“एवढंच,” अण्णा म्हणाले.

अक्का सरळ झाल्या. यल्लप्पाच्या खोलीच्या पायरीवर महानंदाचे बूट ठेवलेले होते. तिकडे गेल्या, एक बूट उचलला, उलटा करून झटकला. तांबडी माती त्यांच्या धुतलेल्या लुगड्यावर पडली. बुटाच्या टोकाला पडलेल्या भोकातून त्यांनी बोट आरपार घातलं.

“असली बुटं घालून पळतीस व्हय गं?”