काका खालच्या ओळीत काय म्हणाले

तिकोणा पेठेच्या माझ्या मावशीला आता ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून तिनं देवघरात ठेवून दिलंय. काका गेल्यापासून ती मुलीच्या लग्नाची डिस्क लावून बसते. ती मीच हौसेनं केलेली. त्यात पंगतीच्या वेळी काका तिच्याकडे हात करून वाढप्याला काहीतरी बोलतात, तेवढंच ती पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघते.

"चारचौघांत माझ्यावर डाफरतायत बघ," ती मला म्हणाली. "काय चुकलं माझं, त्ये तरी कळू दे. खाली अक्षरं घाल की, बातम्यांत येत्यात तशी."

लोणावळ्यात घरी येऊन मी संगणकापुढे बसलो. अक्षरं कायमची चिकटवणार होतो, पण मावसभावाचा हुकूम आला, "आमाला ऐकू येतंय, आमच्या तोंडावर अक्षरं नकोत." म्हणून रिमोटच्या बटणानं ती हवी तेव्हा दिसतील, नको तेव्हा जातील अशी सोय करायला घेतली. पहिल्या खेपेला सगळ्या वेलांट्या आपापली अक्षरं सोडून शेजारी जाऊन बसल्या. त्यांचा रुसवा काढण्यातच आठवडा गेला.

पुढची अडचण बँडची. त्या दणदणाटात बोलणं कळेना, तेव्हा ज्याचं त्यानं ओळखावं म्हणून मी नातेवाइकांना घरी बोलावलं. हा शहाणपणा मला नडला. मावशीनं आहेर केलेली साडी हातात धरून मामी पडद्यावर म्हणत होत्या, "हिची पायपुसणी झ्याक व्हतील." समोर बसलेल्या मामींचा चहा कपातच राहिला. "रंग लय आवडला, असं लिव्ह," त्या म्हणाल्या. मामांनी भात कच्चा म्हटला होता, त्यांना तो आता मोकळा हवा होता. मावसभाऊ पडद्यावर बँडवाल्याला शिव्या देत होता, आणि त्याच्या मते तो त्याला नमस्कार करत होता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी जाम चिडलो, पण या माणसांकडे सणासुदीला जायचं असतं. शेवटी दोन प्रकारची अक्षरं घातली. बटण एकदा दाबलं की शोभेल असं बोलणं, पुन्हा दाबलं की बोलले तसं. या दुसऱ्या प्रकाराबद्दल कुणाला सांगितलं नाही. काकांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं होतं, पण मावशीला बरं वाटावं म्हणून पहिल्यात तेही जरा गुळमट केलं.

डिस्क बघायला सगळे पेठेत जमले. मी बटण एकदा दाबलं. मावशी ओठ हलवत वाचत होती. मामींनी केलेलं साडीचं कौतुक वाचून तिनं मामींकडे नुसतं बघितलं. मग पंगत आली आणि काकांच्या खाली अक्षरं उमटली, "आधी हिला वाढा. बिचारी सकाळपासून उपाशी आहे."

मावशीनं रिमोट घेऊन चित्र थांबवलं.

"बिचारी? ह्ये ह्यांचं बोलणं न्हाई. तूच गोड करून घातलंस." तिचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजी खरंच डाफरत व्हते."

तिचा तो चेहरा मला बघवेना. मी रिमोट घेतला, थोडं मागे नेलं आणि बटण पुन्हा दाबलं. अक्षरं बदललेली बघून मामी पाणी प्यायला म्हणून आत गेल्या. काकांच्या खाली आता उमटलं,

"हिला आधी वाढ रं. सकाळधरनं उपाशी हाये. चक्कर येऊन पडली तर ह्या म्हशीला उचलाया चार गडी लागतील."

मावशी एकेक अक्षर लावत गेली. म्हशीपाशी थांबली आणि खदखदून हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

"व्हय, ह्ये ह्यांचंच," ती म्हणाली. मग माझ्या हातातला रिमोट घेऊन तिनं चित्र पुन्हा मागे नेलं. "पर मी उपाशी हाये, त्ये ह्यांनी बघितलं कवा?"