पाण्यावरचा जेलचा तुकडा

कॉलेजच्या प्रदर्शनात मी परातीतल्या पाण्यावर जेलचा मऊ तुकडा सोडला. तो पळू लागला. खरं तर त्यात मुरलेलं स्पिरिट बाहेर पडत राहतं, त्याच्याच जोरावर तो सरकतो. पण बघणाऱ्याला वाटतं, आपला आपणच चाललाय.

एका बाईंनी मला विचारलं, "घरी कुणी शिकवायचं का गं?"

"नाही, माझं मीच शिकले."

आई शेजारीच उभी होती. अक्षरओळख नसताना ती पुस्तक हातात धरून माझं पाठांतर ऐकायची. मी जरा अडखळले की म्हणायची, "इथं चुकलीस. पुन्हा म्हण."

परतताना रिक्षातून तिने मावशीला फोन लावला. "अगं, सगळं एकटीनं केलं बघ पोरीनं!"

मी तिला तेव्हा अडवलं नाही. ते मी एकटीनं केलं नव्हतं, हे अजूनही सांगितलेलं नाही.